रंगाच्या डब्याखालची तोलफळी

मित्रांनो, मी एक जुनी तोलफळी आहे. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, ज्याच्या घरात मी राहते त्यालाही ते आठवत नव्हतं. वर गोल पाट, खाली लाकडाचा अर्धा चेंडू, असा माझा थाट. माझ्यावर एका पायाने उभं राहिलं की मी डगमगते आणि डगमगता डगमगता पाय स्वतःला सावरायला शिकतो. सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं ते एवढ्याच कामासाठी.

माझा मालक रंगारी. शिडीवरून उतरताना त्याची शेवटची पायरी चुकली आणि पाय घोट्यात मुरगळला. घोटा टम्म फुगला. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं समजू नका. हाडं जोडून ठेवणारे आतले बंध ताणले गेलेत. एकदा मुरगळलेला पायच पुन्हा मुरगळतो. रोज हिच्यावर उभे राहा. मी सांगेपर्यंत शिडी बंद."

त्याने मान डोलावली. चार दिवस भिंतीला धरून, दातओठ खात उभाही राहिला. मला कोण आनंद झाला होता! मग सूज उतरली आणि स्वारी निघाली कामावर. बायकोने टोकलं, तर म्हणाला, "अगं, चालतोय ना मी? मग झालं तर."

झालं कसलं, डोंबल! त्याला शोध लागला की माझ्यावर रंगाचा डबा ठेवला तर तो हवा तसा कलतो आणि तळाचा रंग ढवळायला सोपा जातो. तेव्हापासून मीही कामावर जाऊ लागले, पण डब्याखाली. सोबतचे रंगारी त्याच्या डोक्याचं कौतुक करायचे. कौतुकाने घोटा भरून येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

पुढे पाय मुरगळायला मोठं निमित्तही लागेना. कधी खडबडीत जमीन, कधी टाचेला झिजलेली चप्पल, कधी नुसतं वळणं. तो पायालाच शिव्या घालायचा, करकचून पट्टी बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी जड बादली घेऊन पुन्हा शिडीवर. आधी माझा जीव तुटायचा. नंतर मला त्याचा नुसता राग यायला लागला.

आणि एकदा उंचावर त्याचा घोटा आत वळला. बादलीसकट तो खाली आला.

या वेळी बायकोने मलाही पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. माझ्यावरची रंगाची खपली बघून बाईंनी विचारलं, "हे काय?" बायको म्हणाली, "बाई, यांचा डबा मात्र कधी लंगडला नाही."

बाईंनी घोटा हलवून पाहिला. सांधा पार ढिला पडला होता, आणि एक्स-रेमध्ये तो आतून झिजलेलाही दिसला. शिडी आता कायमची सुटली, असं त्यांनी सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. मला त्याची दया आली, पण खोटं कशाला बोलू, रागही गेला नाही.

मित्रांनो, तुमचाही पाय खेळताना मुरगळेल. दुखायचं थांबलं म्हणून लगेच मैदानावर पळू नका. पायाला पुन्हा शिकू द्या. माझा मालक आता रोज सकाळी न चुकता माझ्यावर उभा राहतो, अगदी बाईंनी शिकवलं तसा. शिडी चढण्यासाठी नाही. बायकोचा हात न धरता घराचा उंबरठा ओलांडता यावा म्हणून.