दोनाच्या पुढचा पुसलेला आकडा

मित्रांनो, माझा पुठ्ठा कधीच गळून पडला, तेव्हा नाव विचारू नका. मी मोटारसायकल दुरुस्तीचे एक जुने पुस्तक आहे. कोणता बोल्ट किती आवळायचा, याचा तक्ता माझ्या एकशे बाराव्या पानावर आहे. कमी आवळला तर बोल्ट सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात.

ऐजॉलच्या एका उतरत्या रस्त्यावर पू बियाकांचे गॅरेज आहे; ‘पू’ म्हणजे तिकडचे आदराचे ‘राव’. पहिली काही वर्षे ते मला उघडल्याशिवाय बोल्टला हात लावत नसत. आधी पान बघायचे, मग टॉर्क पान्यावर आकडा लावायचा आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत आवळायचे. पुढे पाना खुंटीवर गेला आणि मी ग्रीसच्या डब्याखाली. “माझं मनगटच माप आहे,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत. तेव्हा ते खरेही होते. पण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात पुन्हा हलू लागला, पण त्यात पूर्वीचा जोर राहिला नाही. सोबत काम करणाऱ्या त्यांच्या मुलीला, झुआलीला, ते दिसत होते. ती गप्प राहिली.

एका सकाळी दुचाकी टॅक्सी चालवणारा दिका गाडी ढकलत आला.

“पू, काल उतारावर ब्रेक दाबला तर खाडकन आवाज! मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. मागे एक बाई होत्या, त्यांचा गुडघा फुटला.”

पुढच्या ब्रेकच्या दोन बोल्टांपैकी एक पडला होता. दुसरा बोटाने फिरत होता.

“मीच आवळले होते,” बियाका म्हणाले.

“पा, मला कळत होतं,” झुआली म्हणाली. “तुम्हाला सांगायला तोंड उघडलं नाही.”

तिने मला डब्याखालून ओढले. पान सापडले. पण ग्रीसच्या डागात दोनाच्या पुढचा आकडा नाहीसा झाला होता. माझे एवढे एकच काम, मित्रांनो, आणि तेच मला जमले नाही.

“बावीस असेल, नाहीतर अठ्ठावीस. पंचवीस धरू या?” झुआलीने विचारले.

“अंदाज पुरे झाले,” बियाका म्हणाले.

माझी दुसरी प्रत वरच्या रस्त्यावर रुआताकडे होती. तो त्यांच्याच हाताखाली शिकला आणि भांडून वेगळा झाला. सहा वर्षे दोघे बोलले नव्हते. बियाका मला काखेत मारून चढ चढले आणि त्याच्या दारात उभे राहिले.

“एकशे बारावं पान दाखव.”

रुआताने स्टूल पुढे सरकवले. “आधी बसा तरी. चहा टाकतो.”

“आधी पान.”

आकडा सव्वीस होता. रुआताने तो माझ्या समासात पेनाने लिहिला.

“न्यूटन-मीटर हे माप पण लिही,” बियाका म्हणाले. “नाहीतर कुणी फूट-पौंड समजून आवळेल आणि आटे घालवेल.” मग ते बसले. चहा घेतला.

त्या दुपारी त्यांनी झटक्यानंतर ब्रेक आवळून दिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. “माझा हात चुकलाय. गाडी काढू नका, आम्ही पाना घेऊन येतो.” एकोणीस गाड्या तपासल्या, पाच सैल निघाल्या. दोन गिऱ्हाइके पुन्हा आली नाहीत.

आता झुआली आवळते आणि बियाका माझ्यातून आकडा मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, माझ्यासारखे पुस्तक तुमच्याकडे असेल तर हात पुसून उघडा, कोरड्या जागी ठेवा. आणि एखादा आकडा दिसेनासा झालाच, तर विचारायला जा. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारातसुद्धा.