रडका चेहरा

ऑफिसच्या दारात एक यंत्र बसवलं होतं. आत शिरताना प्रत्येकाने हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा. रडका दाबला की समुपदेशक बाई भेटायला येतील, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तरी पोरं मुकाट्याने हसराच दाबून कामाला लागत. टीममधली सगळ्यात नवी मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, कित्येक रात्री धड झोपली नव्हती. आज तिने रडका दाबला.

बाई आल्याच नाहीत. साहेब आले.

"कुणाला रडू फुटलंय?" ते सगळ्यांसमोर खेकसले. "त्या एका रडक्याने आपल्या टीमचे आनंदाचे गुण घसरले ना! वरचे माझ्या नावाने शंख करतायत."

"मी दाबला, सर. मला बाईंशी बोलायचंय."

"घरी आईच्या कुशीत रड. चल, माझ्यादेखत हसरा दाब."

शेजारचे स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले. धाकटी यंत्रापाशी गेली. तिने पुन्हा रडकाच दाबला.

"बाई येईपर्यंत हाच दाबणार."

साहेबांनी तणतणत यंत्राची वायर उपटली. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाईंची खोली कुठल्या मजल्यावर आहे, हे विचारत ती जिन्याकडे निघाली.