डावा तुझा, उजवा माझा

त्रिग्लाव न चढलेला माणूस खरा स्लोव्हेन नव्हे, हे वचन प्रथम कोणी उच्चारले याचा लेखी पुरावा हेडविका झुपिनने एकेकाळी चांगला महिनाभर धुंडाळला होता. मध्ययुगीन कायद्याची प्राध्यापिका म्हणून तिने हयातभर बनावट सनदा उघड्या पाडल्या. पुराव्यावाचून चालत आलेल्या वचनांचा तिला थंड, शिस्तबद्ध संताप येई. पुरावा सापडला नाही. वचन मात्र तसूभर हलले नाही, कारण एवढ्या थोरल्या दगडाला तळटीप लागत नाही.

आणि ऐन साठीत त्या वचनाने तिला तिच्याच जेवणाच्या टेबलावर गाठले. सून असुन्ता मूळची नेपल्सची. लग्नाला वर्ष व्हायचे होते, तेवढ्यात ती नवऱ्याबरोबर शिखरावर जाऊन, पहिलटकराला तिथे पार्श्वभागावर दोराचे फटके देतात ते हसत हसत खाऊन परत आली होती.

"म्हणजे बघा हं आई," सूप वाढता वाढता ती म्हणाली, "हिशेबानं आता या घरात मी स्लोव्हेन, आणि तुम्ही पाहुण्या!"

हेडविकाच्या मुलाला, गाश्पेरला, ठसका लागला. आईसमोर असले विनोद करायची त्याची स्वतःची कधी प्राज्ञा नव्हती.

"पुढच्या शनिवारी मी येते वर," हेडविका म्हणाली. विद्यार्थ्यांना नापास करतानाचा तिचा आवाज असाच, अत्यंत सभ्य असे.

"येशील गं, पण बूट?" गाश्पेर म्हणाला. "तुला आजवर एक बूट धड बसला नाहीये."

"बसेल."

तो का बसत नव्हता, याला मात्र पुरावा होता आणि तो तिच्या पायांशीच होता. तिचा उजवा पाय डाव्याहून दोन मापांनी मोठा. शहरात त्याचे काही अडत नाही. मोठ्या मापाचा जोड घ्यावा, डाव्यात कापसाचा बोळा कोंबावा आणि विद्यापीठाचे जिने चढावेत. डोंगर कापसाला फसत नाही. चढताना टाच सुटून सोलते, उतरताना बोटे पुढे आदळतात. ल्युब्लियानातली दुकाने तिने पालथी घातली. त्या बुटांवरची पत्रके वाचून तिचे रक्त आणखीच थंड झाले होते: 'तुमच्या आत्म्याला पंख'. तिने आत्म्यासाठी काही मागितलेच नव्हते. अंगठ्यासाठी बोटभर जागा मागितली होती.

राहिले त्रझिच, जिथे ती जन्मली. चांभारांचे गाव. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे अख्ख्या रस्त्यावर बुटांची जत्रा भरते. चामड्याचा, मोहरीचा आणि बर्झोला नावाच्या मेंढीच्या रश्श्याचा वास एकमेकांत मिसळतो. हेडविकाचे वडील तिथल्या कारखान्यात फर्म्यावर, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर, चामडे ताणून बसवायचे. लोहाराची घोडी अनवाणी, ही म्हण तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला पाठ असते. हेडविका ती जगत होती.

गावात एकच अडचण होती आणि तिचे नाव कोर्दुला. ही हेडविकाची जुळी बहीण. एकीला आरशात बघावे तर दुसरी दिसावी; भोवरा एकीचा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, आणि पायांचेही तेच. कोर्दुलाचा डावा मोठा. वडील हसून म्हणायचे, देवाने दोघींना एकाच फर्म्यावर बेतले, पण फर्मा मध्येच उलटा झाला. म्हणून ते दर वेळी दोन मापांचे दोन जोड आणत आणि जमिनीवर बसून वाटणी करत: लहानातला डावा हिला, उजवा तिला, मोठ्यातला उजवा हिला, डावा तिला. दोघींना आपापला जोड मिळे, वाया काही जात नसे.

पंचविशीत दोघींनी त्रिग्लाववर एकत्र जायचे ठरवले, दोन जोड घेतले, खोकी पलंगाखाली ठेवली. आणि एका पहाटे कोर्दुला गिर्यारोहण मंडळातल्या स्लावकोबरोबर एकटीच निघून गेली. परतली ती शिखर गाठलेली म्हणूनच; चौकात लोकांनी तिला खांद्यावर घेतले. हेडविका त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नाही. आईच्या थडग्यावर दोघींची फुले असत, पण वेगवेगळ्या वेळी वाहिलेली.

तर जत्रेच्या त्या रविवारी हेडविका दुपार कलल्यावर एका दुकानात शिरली. पाय संध्याकाळी फुगतात, तेव्हाच माप घ्यावे, हे वडिलांचे शिक्षण ती विसरली नव्हती. डोंगरात घालायचे जाड लोकरी मोजेही बरोबर होते. विक्रेता येर्नेई मारिबोरचा, गावात अलीकडचा. तिला पाहताच त्याचा चेहरा खुलला.

"या, या! म्हटलं, जत्रा संपत आली, बाई आल्या कशा नाहीत!"

हेडविकाला हे आगत्य संशयास्पद वाटले, पण ती बसली. त्याने बूट चढवला, नाड्या न बांधता पाय पुढे सारायला लावून टाचेमागे बोट घालून पाहिले, मग नाड्या घोट्यापाशी दुहेरी पिळून आवळल्या आणि तिला लाकडी उतारावर धाडले. ती चार पावले उतरली आणि थांबली.

"उजवा चावतोय."

"उजवा?" येर्नेई बुचकळ्यात पडला. "गेल्या वर्षापर्यंत तर डावा चावायचा!"

"कोणाचा?"

"तुमचाच की! दर जत्रेला येता, याच फळीवरून उतरता, डावा चावतो म्हणता, खिडकीतून डोंगराकडे बघून उसासा टाकता. आणि म्हणता, येर्नेई, मनासारखा बूट मिळाला ना, की मी जन्मात एकदा त्रिग्लाव करणार. मी हिला म्हणतो नेहमी," त्याने गल्ल्यावरच्या बायकोकडे बोट केले, "केस कापणाऱ्या कोर्दुलाबाईंना वर नेल्याशिवाय मी दुकान बंद करणार नाही!"

हेडविका फळीच्या मध्यावर उभीच राहिली.

तिने आजवर पुष्कळ बनावट सनदा पकडल्या होत्या. त्यांत एक पातळ, कोरडा आनंद असे. हा आनंद त्या जातीचा नव्हता. हा पोटातून आला, आवाज करत आला; येर्नेईच्या बायकोने गल्ला सोडून पाण्याचा पेला आणला, कारण एक साठीची बाई जाड मोजे घालून उतारावर बसली होती आणि डोळे पुसत हसत होती.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय. हाच बूट दोन मापांत द्या. लहान जोड आणि मोठा जोड."

"दोन्ही? कशाला?"

"आम्ही घरी वाटून घेऊ."

हातात दोन खोकी घेऊन ती नदीवरचा पूल ओलांडून गेली. कोर्दुलाचे केशकर्तनालय रविवारचे बंद होते, पण वरची खिडकी उघडी होती. हेडविकाने लहानपणीसारखी शिट्टी घातली. खिडकीत तिचाच चेहरा आला, फक्त केस जास्त चांगले कापलेले.

"अगंबाई! प्राध्यापिका! कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. खाली ये."

"तोंड उघडायला मुहूर्त बरा सापडला. खोक्यांत काय, माझ्यावर लिहिलेला ग्रंथ?"

"ये तर खरी. येर्नेईनं नमस्कार सांगितलाय. म्हणत होता, कोर्दुलाबाई अजून वर गेल्याच नाहीत."

खिडकी रिकामी झाली. जिन्यावर पावले वाजली, मध्ये थांबली, पुन्हा वाजली. दार उघडले तेव्हा कोर्दुला लालबुंद झाली होती.

"त्या मारिबोरच्या भोपळ्याला जिभेला हाड नाही!"

"तू मला पस्तीस वर्षं फसवलंस."

"मी? मी कधी म्हटलं मी वर गेले?"

"सगळं गाव म्हणत होतं."

"गाव म्हणत होतं! मी फक्त नाही म्हटलं नाही." कोर्दुला उंबऱ्यावर बसली. "अंधारात उठले. तुला जाग येऊ नये म्हणून दिवा लावला नाही. पलंगाखालचं एक खोकं ओढलं नि निघाले. डोंगरातल्या पहिल्या निवाऱ्याशी पोचेपर्यंत उजव्या टाचेचं सालटं निघालं. बूट बघितला, तर काय, दोन्ही मोठे! खोकंच्या खोकं उचललं होतं मी. आपली वाटणी करायची राहिली होती ना."

हेडविकाने डोळे मिटले. त्या सकाळी पलंगाखाली उरलेले खोके तिला आठवले. तिने ते रागाने कधी उघडलेच नव्हते; पुढे तसेच कोणाला तरी देऊन टाकले होते.

"आणि स्लावको?"

"तो गेला पुढे शिखरावर! मेला वळूनसुद्धा बघेना. मी लंगडत खाली. चौकात लोक ओरडले, 'आली, आली', दोन बाप्यांनी उचलून खांद्यावर घेतलं. अगं, मला वाटलं, पाय दुखतोय हे दिसलं म्हणून उचलतायत! कळेपर्यंत बँड सुरू झाला होता. बँड वाजत असताना कोण खुलासा करतं?"

"मला सांगायचंस."

"तू बोलत होतीस कुठं? आणि एकटीनं मला बूट कुठले बसायचे! माझ्या पायाचा दुसरा जोडीदार तुझ्याकडे." तिने खोक्यांकडे बघून नाक ओढले. "अनवाणी चढेन, पण पुन्हा एकाच खोक्यातले घालणार नाही, सांगून ठेवते."

दोघी ओसरीच्या फरशीवर बसल्या. लहानातला डावा इकडे, उजवा तिकडे. मोठ्यातला उजवा इकडे, डावा तिकडे. कोर्दुलाने हेडविकाच्या टाचेमागे बोट घालून पाहिले, हेडविकाने कोर्दुलाच्या. मग नाड्या पिळून आवळल्या आणि नदीकडे उतरणाऱ्या घसरड्या गल्लीतून त्या हातात हात घालून खाली गेल्या, पुन्हा वर आल्या, पुन्हा खाली. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकीतून विचारले, "कोर्दुला, मला एकाच्या दोन दिसतायत, की मी आज जास्त घेतली?"

"दोन्ही खरं आहे, मातेव्ज काका!"

बोटे पुढे आदळली नाहीत. टाच हलली नाही. हेडविकाने खालच्या पायरीवर बुटाचे टोक दोनदा आपटून पाहिले. तिला आपल्या अंगठ्यापुढे रिकामी, मोकळी, शांत अशी जागा लागली. तिच्या कोणत्याही ग्रंथाला विद्वानांनी एवढी जागा ठेवली नव्हती.

आठवडाभर दोघींनी ते बूट घरातही काढले नाहीत. हेडविकाने त्यांत व्याख्यान दिले, कोर्दुलाने गिऱ्हाइकांचे केस कापले. शनिवारी पहाटे दिवा लावून, वाटणी दोनदा तपासून, गाश्पेर आणि असुन्तासह चौघे निघाले. एका उंचीनंतर डोंगरात तुम्ही-आम्ही संपते, सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात; दुपारी एका पोराने मागून हाक दिली, "ए आज्जी, बूट झकास गं!" एरवी या संबोधनावर हेडविकाने पत्र लिहिले असते. ती वळून म्हणाली, "अर्धा हिचा आहे."

लोखंडी दोरांच्या शेवटच्या कड्यावर कोर्दुला एकदा अडखळली आणि पाय सरकण्याऐवजी बुटाने खडक धरला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

शिखरावर पत्र्याचा बुटका मनोरा होता, वारा होता आणि खाली ढगांचे पांढरे, दूरवर सपाट रान. कोर्दुलाने उजव्या टाचेला हात लावला. कातडी शाबूत होती.

"चला, वाकायचं!" असुन्ताने पाठीवरच्या पिशवीतून दोर काढला. गाश्पेर पुढे झाला, तशी तिने त्याला कोपराने ढकलले. "तू बाजूला हो. स्वतःच्या आईला फटके देणार? या घरात ते काम सुनेचं."

"नेपल्सची पोरगी स्लोव्हेनांना बाप्तिस्मा देणार!" कोर्दुला ओरडली. "हेडा, याला पुरावा आहे का गं कुठं?"

"नाही," हेडविका म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. तिच्या शेजारी तिचीच प्रतिमा वाकली. "पण आता तयार होतोय. मार गं बाई, जोरात मार, आणि पहिला हिला. ही पस्तीस वर्षं उधारीवर चढली आहे!"