सुखोईची राखण

सुगत हवाई दलात लागला तेव्हा सरजाबाईनं अख्ख्या बोरीत पेढे वाटले होते. सुखोई इमानांच्या तळावर हाय, एवढंच ती सांगे. गावानं पुढचं आपलं आपण जोडून घेतलं आणि चार वर्षांत सुगत गावाच्या तोंडी वैमानिक होऊन बसला. सुट्टीवर आला की लोक हात आडवे करून विमान कसं वळतं ते विचारत. तो नुसता हसे.

यंदा मात्र फसला. शाळेच्या मनिषा बाई घरी आल्या आणि सव्वीस जानेवारीला लढाऊ विमानांवर चार शब्द बोला म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? बाई गेल्या आणि सुगतनं तडक शेत गाठलं.

ज्वारी हुरड्यात आली होती. सरजाबाई राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं भोरड्यांचे थवे उठवत होती. सुगत वर चढला आणि एकदाचं खरं बोलला.

"माय, मी इमान चालवत न्हाई. मी तिथं पाखरं हाकलतो."

सरजाबाईनं गोफण खाली केली. "पाखरं? कशापायी?"

मग त्यानं सगळं सांगितलं. एक टिटवी इंजिनात ओढली गेली तरी आतली पाती तुटतात, कधी विमानच पडतं. म्हणून उड्डाणाआधी तो जीपमधून धावपट्टीवर फिरतो, फटाके उडवतो. पण अलीकडं टिटव्या फटाक्यांना जुमानत नाहीत, साहेब वैतागलेत, हेही त्यानं सांगून टाकलं. माय खट्टू होईल, असं त्याला वाटत होतं. तिनं भलतंच विचारलं.

"जीप कुठं लावतोस?"

"रोज एकाच जागी. तसंच ठरलंय."

सरजाबाई पोट धरून हसली. "एका जागी हुबं ऱ्हाऊन राखण होती का रे? पाखरू लय हुशार असतं. जागा बदल, येळ बदल. अन् पहिला थवा टेकूच देऊ नको. तो टेकला की बाकीचे त्याला बघून उतरतात."

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाल्यावर सुगतनं पोरांना खरं ते सांगितलं. पाचवीतल्या भक्तीनं उठून, म्हणजे तुम्ही विमानात एकदाही बसला नाहीत का, असं विचारलं.

"एकदाबी न्हाई," सुगत म्हणाला. "पण धावपट्टी मोकळी हाय असं आमी कळवल्याबिगर एकबी इमान उडत न्हाई."

तेवढ्यानं पोरं खुलली. विमानाचं कुणाला काही ठाऊक नव्हतं, पाखरांचं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. घारीचं काय करता, रात्री घुबडं येतात का, प्रश्न संपेनात. शेवटी मनिषा बाईंनी सरजाबाईलाच पुढं बोलावलं. पदर सावरत ती आली आणि राखणीवर असं बोलली, की सुगतही पोरांच्या रांगेत मांडी घालून ऐकत बसला.

तळावर परतल्यावर त्यानं साहेबांची परवानगी काढून जीपची जागा आणि वेळ रोज बदलायला सुरुवात केली. महिनाभरात टिटव्या निम्म्यावर आल्या. हे कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा, आमच्या घरी राखणीचं काम पिढीजात आहे, असं त्यानं सांगितलं.

त्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा सरजाबाई ओट्यावर तूर निवडत होती. टिटव्या निम्म्या झाल्याचं ऐकून तिचं समाधान झालं नाही.

"अन् बाकीच्या निम्म्या?" तिनं विचारलं.