खिडकीकडचा स्पीकर

काकांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हात घालून दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली आणि गुडघ्यांवर बसूनच विचारलं,

"आता?"

छापखानेवाला खोलीच्या मधोमध, त्याच्या ठरलेल्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. खिडकी त्याच्या डाव्या हाताला, कपाट उजव्या. तबकडीवर एक बाई गात होती. तिचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून, समोरच्या रिकाम्या भिंतीतून आल्यासारखा वाटायला हवा होता. काका उठून खुर्चीमागे उभे राहिले. त्यांना तो तिथूनच ऐकू येत होता.

"खिडकीकडचाच हळू," छापखानेवाला म्हणाला. "काडीचा फरक नाही."

"म्हणजे अ‍ॅम्प सुटला," शिंपी सोफ्यावरून म्हणाला. "निर्दोष आहे बिचारा. जाऊ द्या त्याला घरी."

काका हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते आणि दोष शोधायची त्यांची रीत एकच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि विचारायचं, आता? ज्या वस्तूबरोबर दोष जागा बदलतो, त्या वस्तूत तो असतो.

"स्पीकर उचलू या," ते म्हणाले. "शिंपीबुवा, उठा."

"माझी कंबर?"

"ती बसून बसूनच गेलीय. उठा."

दोघांनी मिळून खिडकीकडचा स्पीकर कपाटाकडे नेला आणि कपाटाकडचा खिडकीकडे आणला. शिंपी कण्हत होता, पण पेटी मात्र जमिनीला न लावता अलगद ठेवत होता. तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावली.

"आता?"

छापखानेवाल्याने मान किंचित तिरकी केली. उजवा कान पुढे आला.

"खिडकीकडचाच."

काकांनी हात रुमालाला पुसले. हात तसे स्वच्छच होते.

हे पाच जण आवाजाचे वेडे. दर रविवारी दुपारी कुणातरी एकाच्या घरी जमायचं, त्याची मशिनं ऐकायची आणि मत द्यायचं. आज दोघं आले नव्हते. नियम जुने होते. ऐकून झालं की प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता चिठ्ठी लिहायची. मत आवाजाबद्दल द्यायचं, मालकाबद्दल नाही. चिठ्ठ्यांचा कागद छापखान्यातला, पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरलेल्या लांबट पट्ट्यांचा. तो छापखानेवालाच पुरवायचा.

"खोलीच वाईट आहे," छापखानेवाला म्हणाला. "खिडकीची काच आवाज खात असणार. पडदा जाड लावायला हवा."

"नाचता येईना अंगण वाकडं," शिंपी म्हणाला. "अरे, दहा वर्षं याच खोलीत ऐकतोयस. काच काय आज जेवायला लागली?"

"दोन महिने झाले. आधी नव्हतं असं."

दोन महिने. काकांनी तबकडी थांबवली.

त्यांच्या घरी हेच वाक्य चार वर्षांपूर्वी बोललं गेलं होतं. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "अहो, तुमचा डावीकडचा हळू वाजतोय." काकांनी तपासलं, काही सापडलं नाही. आठवड्याने त्या पुन्हा तेच म्हणाल्या. काकांनी रविवारी सगळ्यांना बोलावलं. पाच चिठ्ठ्या निघाल्या, काकांची धरून. पाचही चिठ्ठ्यांवर एकच मत होतं: दोन्ही सारखे. काकांनी त्या काकूंपुढे पत्त्यांसारख्या मांडल्या आणि म्हणाले, "घ्या. पंचांचा निकाल." सगळे हसले. काकूही हसल्या. त्यानंतर त्यांनी आवाजाबद्दल कधी काही म्हटलं नाही. नऊ महिन्यांनी जिना उतरताना त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा कानाच्या आतल्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, ऐकू कमी येतंय हे पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं? काकूंनी काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आठवत नाही."

त्या चिठ्ठ्या अजून काकांच्या फ्यूजच्या डब्यात होत्या. पाचही खऱ्या.

छापखानेवाल्याची बायको चहा घेऊन आली. काकांनी कप घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं,

"ताई, हा पठ्ठ्या फोन कुठल्या कानाला लावतो?"

"फोन? हल्ली उजव्या. का हो? पूर्वी डाव्याला लावून लिहीत बसायचे." तिने नवऱ्यापुढे कप धरला. "आणि त्यांच्या खिडकीकडच्या बाजूला बसून बोलू नका, ऐकत नाहीत. तसं माझं तर वीस वर्षं कुठल्याच बाजूने ऐकत नाहीत."

शिंपी मोठ्याने हसला. छापखानेवाला कप घ्यायला उठला, जरा कलंडला आणि त्याचा खांदा कपाटाच्या कडेला लागला. चहा बशीत सांडला.

"हे कपाट पण मधेच येतं," तो म्हणाला.

शिंप्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं. त्याने काकांकडे पाहिलं.

"एक राहिलंय," काका म्हणाले. "उभा राहा जरा."

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ती जागच्या जागी फिरवली. स्पीकरकडे आता खुर्चीची पाठ होती.

"हे काय? उलटं बसून कुणी ऐकतं का?"

"बस. डोळे मीट."

बाकी कशालाही त्यांनी हात लावला नाही. वायरी होत्या तशा, स्पीकर होते तिथे, पडदाही होता तसाच. काकांनी सुई पहिल्या गाण्यावर ठेवली. बाई गाऊ लागली.

"आता?"

छापखानेवाला बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अरे! खिडकीकडचा व्यवस्थित आहे आता! एकदम मोकळा!" त्याने डोळे न उघडताच डावा हात हवेत हलवला. "आता कपाटाकडचा हळू. गेला बघा दोष तिकडे. म्हणजे खोलीच ना, काका? मी म्हणत होतो की नाही?"

शिंप्याने बशी खाली ठेवली, आवाज न करता.

"बोला की! चिठ्ठ्या लिहा. नियम म्हणजे नियम."

पट्ट्या आणि दोन पेन्सिली टीपॉयवर होत्या. शिंप्याने एक पट्टी घेतली, काही लिहिलं नाही, बोटाभोवती गुंडाळत राहिला. काकांनी दुसरी घेतली. दोन्ही सारखे, एवढं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. नियमातही बसलं असतं. त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, आणि मग एका दमात लिहून चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

छापखानेवाल्याने ती उघडून मोठ्याने वाचली.

"उद्या सकाळी नऊ. मी तुला न्यायला येतो." तो हसला. "काका, आवाजाबद्दल लिहायचं असतं."

"आवाजाबद्दलच लिहिलंय."

"कुठे न्यायला?" त्याच्या बायकोने विचारलं.

छापखानेवाला अजून हसतच होता. त्याने चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं. पट्टी त्याच्याच छापखान्यातली होती. अशाच एका पट्टीवर, काकांच्या घरी बसून, त्यानेही एकदा दोन शब्द लिहिले होते. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"काकूंना पण..." तो म्हणाला आणि थांबला.

त्याचा हात डाव्या कानाकडे निघाला, मध्येच थबकला आणि खुर्चीच्या हातावर परत येऊन पडला. मागे दोन्ही स्पीकरमधून बाई गात होती. शिंपी उठला आणि त्याने सुई उचलली.

"अहो, काय झालं?" बायको म्हणाली. "कुठे जायचंय उद्या?"

छापखानेवाल्याने चिठ्ठीची घडी केली. मग आणखी एक घडी केली.

"काका," तो म्हणाला, "आठला येता येईल?"