हिरवा रिपोर्ट

साहेबांनी मूठ उघडली आणि कॉफीच्या काळ्या, कुजक्या बिया मावशीपुढच्या टेबलावर ओतल्या.

"हे चांगल्या मालात सापडलं. कॅमेऱ्यापुढची काच पुसणं, एवढं एकच तर काम आहे तुम्हाला."

"पुसते की साहेब. दर पाळीला पुसते."

"मग यंत्र काय आंधळं झालं?"

मावशी बिया निवडायच्या यंत्राकडे बघत राहिली. पट्ट्यावरून बिया धावत येत, कॅमेरा त्यांना टिपे, आणि खराब बी दिसली की हवेचा झोत तिला बाजूला उडवी. कुठली बी खराब हे ठरवणारी चिप भाचीच्या हातची. ती शेजारीच उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून.

साहेब तिच्याकडे वळले. "तुमच्या बाजूनं सगळं ठीक?"

"रिपोर्ट हिरवा आहे," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. रिपोर्ट हिरवाच होता. तो हिरवा कसा झाला, ते मात्र तिला एकटीलाच ठाऊक होतं.

चिप स्वस्तातली. ती कोरी येते. तिच्या आत काय घडावं ते आपण लिहायचं आणि चिपवाल्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते तिच्यात बसवून देतं. बसवताना प्रत्येक सिग्नल वेळेत पोचतो का, तेही तपासतं. यंत्र पाठवायच्या आदल्या दिवशी त्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ लाल आली. रंग ओळखायचं गणित किंचित उशिरा पुरं होत होतं. नीट करायचं तर ते दोन टप्प्यांत तोडायला हवं, आणि चिप आधीच ठासून भरलेली. साहेबांचे फोनवर फोन येत होते. तिनं सॉफ्टवेअरला बजावलं, या सिग्नलची वाट तपासूच नकोस. सगळं हिरवंगार झालं. तिच्या टेबलावर यंत्र झकास चाललंही. पण कारखान्यात दुपारच्या उकाड्यात चिप तापली की गणित रेंगाळे, आणि काळी बी बिनबोभाट निसटून जाई.

दुपारीच असं का होतं, हे साहेबांनी विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही.

त्या आठवड्यात ती जागची हलली नाही. नको ते काढून टाकत चिपमध्ये जागा केली, गणित तोडलं, ती वाट पुन्हा तपासायला लावली. या वेळी हिरवा रंग खरा होता. कारखान्यात जाऊन तिनं चिप पुन्हा भरली आणि "छोटीशी सुधारणा आहे" एवढंच सांगितलं. काळ्या बिया यायच्या थांबल्या.

"बघितलंत?" साहेब हसले. "झापलं की काच कशी लखलखते!"

मावशीही हसली. घरी येताना ती जिन्याचा कठडा धरून चढली. आधी कधी धरत नसे. मग तिनं शिवणयंत्रावर चादर टाकली. शेजारणीचा झगा अर्धा शिवलेला, तोही परत देऊन आली.

"अगं, पण का?" भाचीनं विचारलं.

"समोरच्या काचेवरची धूळ दिसेना मला, तिथं टाका काय दिसणार? कुणाचं तरी कापड वाया घालवायचं."

"वय झालंय म्हणून काही..."

"तू मनाला लावून घेऊ नकोस, चिमे. तू काम लावून दिलंस आणि मी तुझं नाक कापलं. मलाच मेलीला कळायला हवं होतं."

भाचीनं पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. मग म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टरीणबाईंनी मावशीला अक्षरं वाचायला लावली, बाहुल्या मोठ्या करायचं औषध डोळ्यांत घातलं, बराच वेळ यंत्रातून न्याहाळलं.

"मोतीबिंदू नाही. पडदा छान आहे. चष्म्याचा नंबरही आहे तोच. तुम्हाला पाठवलं कुणी?"

मावशी मान डोलावत उठली. औषधाचा अंमल उतरेपर्यंत ती बाहेर बाकावर बसून राहिली. मग रुमालानं डोळे टिपत म्हणाली, "डोळे ठणठणीत आहेत, तर मग काच पुसायची राहिली कशी गं?"

"राहिली नव्हती."

मावशीनं रुमाल खाली घेतला.

"काच स्वच्छच होती, मावशी. चूक चिपमध्ये होती. माझी होती."

"कधी कळलं तुला?"

"साहेब तुला बोलत होते ना, तेव्हा माहीत होतं."

मावशीनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाली. कठडा न धरता उतरली.

रस्त्यावर ती चार पावलं पुढेच राहिली. भाचीनं मागूनच साहेबांचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत होती. पुढे मावशी मान वर करून पलीकडच्या फुटपाथवरच्या पाट्या वाचत चालली होती, मोठ्यानं, एकेक करून. औषधांचं दुकान. चाव्या बनवून मिळतील. भाड्यानं खोली देणे आहे. त्याखालचा बारीक अक्षरांतला फोन नंबरसुद्धा तिनं आकडा न आकडा वाचला, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"हॅलो?" साहेब म्हणाले. "बोला."