चकतीशिवाय सहा गोळ्या

दुपारी जेवून पाठ टेकायची, ही जमादारांची जुनी सवय. नोकरी सुटली तरी ती काही सुटली नव्हती. मुलगा गेल्यापासून मात्र त्या झोपेचं पार वाटोळं झालं होतं. डोळा लागतोय न लागतोय, तोच आतल्या खोलीच्या दाराशी आवाज यायचा. टक. जरा थांबून पुन्हा, टक. गोळी न उडता रिव्हॉल्व्हरचा नुसता चाप ओढला की येतो ना, तो. उभा जन्म कमरेला हत्यार लावून काढलेल्या माणसाला हा आवाज ओळखायला दुसऱ्याची गरज नव्हती. मान वळवली की दाराशी मुलगा उभा. पाठमोरा, पहारेकऱ्याच्या कपड्यांत, डावा खांदा नेहमीसारखा थोडा खाली. तोंड त्यानं कधी दाखवलं नाही.

आणि जमादार तरी काय, दुसरा कुणी असता तर रडला असता, हात जोडले असते. हे त्याला झापायचे. "आता कशाला टकटक करतोयस? तेव्हा काय हात गळून पडले होते?" एकदा तर चप्पल फेकून मारली. ती दारावर आपटली तशी सून धावत आली. "काय झालं बाबा?"

"झुरळ होतं."

सुनेनं झुरळ काही शोधलं नाही. चप्पल उचलून जागेवर ठेवली आणि निघून गेली.

बाप आहे की वैरी, असं वाटेल कुणालाही. पण झालंच तसं होतं. मुलगा बापासारखाच पहारेकरी, बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर. भर दिवसा चौघांनी गाडी अडवली. चालकाला मारलं, याला मारलं, पेट्या घेऊन पसार झाले. रिव्हॉल्व्हर याच्या हातातच सापडलं आणि त्यात सहाच्या सहा गोळ्या जशाच्या तशा. चौकशीवाल्यांनी लिहून टाकलं की पहारेकऱ्यानं एकही गोळी झाडली नाही. पुढं कोण कशाला खोलात जातंय? मेला बिचारा, पण मेला तो घाबरून, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

सून चालकाच्या बायकोला भेटायला गेली, तर तिनं तोंडावर दार आपटलं. वर खिडकीतून ओरडली, "तुझा नवरा खेळणं धरून उभा राहिला आणि माझा हकनाक गेला!" त्यात आणखी एक. मेल्यावर खिशातून काय निघालं, तर शिसपेन्सिल. गल्लीतल्या टवाळांना तेवढंच हवं होतं. पेन्सिलीनं लढणार होता म्हणे. जमादार बाहेरच पडेनात. नाक्यावरच्या चहावाल्याकडे ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं गप्पा छाटल्या, ते आता यांना बघून कपात बघायचे.

पेन्सिल कशाला, ते जमादारांना चांगलं माहीत होतं. त्यांनीच सांगितली होती ठेवायला.

शेवटी एका सकाळी सूनच म्हणाली, "बाबा, पोलिसांनी ते रिव्हॉल्व्हर बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात जमा केलंय. गोळ्यांसकट. तुम्हाला त्यातलं कळतं. एकदा बघून सांगा मला, त्यानं चाप ओढला होता की नव्हता. एवढंच. मग मी कुणाला काही विचारणार नाही."

 उत्तर आपल्याला ठाऊक आहे, अशी जमादारांची खात्री होती, म्हणून तर ते आजवर गेले नव्हते. पण सुनेनं कोट काढून पुढ्यात धरला होता. नाही कसं म्हणणार?

मिस्त्रींचं दुकान म्हणजे पुढं काउंटर आणि मागं एक लांबट खोली. खोलीत कामाचं टेबल, तेलाचा वास, कोपऱ्यात वाळू भरलेलं लोखंडी पिंप. दुरुस्त केलेलं हत्यार त्या वाळूत झाडून बघायचं. सून पुढच्या बाकावर बसली. मिस्त्रींनी जमादारांना मागं नेलं, दार लोटलं आणि फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. शेजारी त्या सहा गोळ्या आणि एक कागदी पुडी.

जमादारांनी एक गोळी उचलली, बूड उजेडाकडे केलं आणि चष्मा वर सरकवला. बुडाच्या मधोमध तांब्याची इवलीशी टोपी असते. पिन तिच्यावर आपटली की गोळी उडते. त्या टोपीवर खूण होती. नखानं दाबावं इतकी हलकी, पण खूण. दुसरी उचलली, तिच्यावरही. तिसरीवर दोन. मग त्यांनी सगळ्याच भराभर बघितल्या आणि स्टूल ओढून बसले.

"ओढला होता रे," म्हणाले. "चाप ओढला होता त्यानं!"

"ओढत राहिला होता, जमादार," मिस्त्री म्हणाले. "चक्र पुरं फिरलं तरी थांबला नाही. समोरून गोळ्या येत होत्या आणि हा उभा राहून ओढत होता."

जमादारांना हुंदका आवरेना. माझा वाघ तो, माझा वाघ, असं काहीबाही पुटपुटत त्यांनी त्या गोळ्या मुठीत धरल्या. मिस्त्री खाली मान घालून उगाचच टेबल पुसत होते.

"मग उडाल्या का नाहीत?"

"जुन्या असतील. दमट."

बोलताना मिस्त्री टेबलाकडेच बघत राहिले. त्यांनी एक गोळी घेतली, चक्रात घातली आणि नळी वाळूकडे रोखून चाप ओढला. टक. "बघा. मेलेलीच आहे. कंपनीचाच माल खराब, तुमच्या मुलाचा काय दोष? सांगा सगळ्यांना, गोळ्या खराब होत्या."

तिथंच उठले असते तर बरं झालं असतं. पण जमादारांचा स्वभाव कुठे जातो? त्यांनी गोळी परत काढून घेतली आणि बोट टोपीवरून फिरवलं. दमट गोळीवर पिन काही लाजत नाही, पुरती आपटते, चांगला खड्डा पडतो. ही तर नुसती टेकली होती. म्हणजे गोळी पिनेच्या हाताशी नव्हती, पुढं सरकली होती.

त्यांनी पुडी ओढली. मिस्त्रींनी वर हात ठेवला. "राहू द्या ना, जमादार."

"हात काढ."

आत पोलादाची पातळ चकती होती, कडेनं सहा खोबणींची. नवीकोरी, अजून तेलकट. या रिव्हॉल्व्हरला पिस्तुलाची काडतुसं लागत. त्या काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या चक्रात त्यांना अडवायला काही नसतं. म्हणून सहाही गोळ्या चकतीत खोचायच्या आणि चकतीसकट आत सोडायच्या. चकती त्यांना मागं धरून ठेवते, आणि झाडून झाल्या की रिकाम्या नळकांड्या एकदमच बाहेर काढते. जमादारांनी नोकरीभर चकती वापरली नाही. खिशात वाकते, वाकली की चक्र अडतं, कटकट नुसती. त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात प्रत्येक भोकाला आतून बारीक पायरी होती. काडतूस त्या पायरीवर टेकायचं आणि चकतीशिवायही झकास उडायचं. फक्त रिकामी नळकांडी अडकून बसायची, ती पेन्सिलीनं ढकलायची.

मुलानं नोकरी लागल्यावर जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं ते बापासारखंच बघून. तोच घाट, तीच मूठ. बरोबर ही पुडी आली. जेवायला बसला असताना त्यानं विचारलं होतं, "बाबा, हे लावायलाच हवं का?" तेव्हा जमादार काय हसले होते! "असली चकती-बिकती बायकांच्या बांगड्यांच्या डब्यात ठेव. पेन्सिल ठेव खिशात, पेन्सिल!" मुलगा ओशाळून हसला आणि पुडी बाजूला ठेवली. गोळ्या महाग, म्हणून झाडून कधी बघितलंच नाही.

जमादारांनी तीच गोळी चकतीत खोचली आणि चकती चक्रात बसवली. वाळूकडे नळी धरून चाप ओढला.

खोली दणाणली. वाळू उडून टेबलावर आली.

मिस्त्री हळूच म्हणाले, "हे आधीच्या बनावटीचं आहे. याच्या भोकांना आत पायरीच नाही, सरळ नळ्या आहेत. बाहेरून बघून कुणाला कळणार? तुम्हाला तरी कसं कळणार?"

"काडी घालून बघितली असती तर कळलं असतं," जमादार म्हणाले. "बघितली नाही. मला सगळं येतं ना!"

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. दुपारचा मुलगा दाराशी येऊन उभा राहायचा, तो माफी मागायला येत नव्हता. लहानपणापासून कामातलं काही अडलं की तो असाच बापाच्या दाराशी येऊन घुटमळायचा. बाबा, हे उडत का नाही? एवढंच विचारत होता पोरगा. आणि बापानं चप्पल मारली होती.

"जमादार, ऐका माझं," मिस्त्रींनी त्यांचा दंड धरला. "मेलेलं माणूस परत येत नाही. सूनबाईंना सांगा, गोळ्या दमट होत्या. खोटं कुणाला लागणार आहे? उरलेले दिवस तुम्हाला तिच्याच हातचं खायचंय."

खरंच होतं ते. सून सोडून त्यांना दुसरं होतं कोण? जमादारांनी तोंडावरून रुमाल फिरवला आणि दार उघडलं.

सून उभीच होती. आवाजानं दचकलेली दिसत नव्हती.

"ओढला होता चाप," जमादार म्हणाले. "शेवटपर्यंत ओढत होता. पळाला नाही पोरी, घाबरला नाही."

तिचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. "मग उडाल्या का नाहीत?"

गोळ्या दमट होत्या, एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही. मिस्त्री मागून खाकरले.

"माझ्यामुळे," जमादार म्हणाले. "चकती लावली असती तर उडाल्या असत्या. तो विचारत होता, मी त्याला हसण्यावारी नेलं. तुझा नवरा मी मारला. चालकालाही मीच. लोकांना सांग हे, माझं नाव घेऊन सांग."

 सुनेनं पदरानं डोळे पुसले.

"मी महिन्यापूर्वीच ती पुडी घेऊन येऊन गेले इथं," ती म्हणाली. "मिस्त्रींनी मला सगळं दाखवलं. दमट गोळ्यांचं त्यांना मीच सांगायला लावलं होतं. तुम्ही त्याला हसलात तेव्हा मी समोरच होते, विसरलात? वाढत होते. मला एवढंच बघायचं होतं, तुम्हाला कळल्यावर तुम्ही मला सांगता का."

 जमादार म्हणाले, "नसतं सांगितलं तर?"

"बॅग भरून ठेवलीय घरी. आज भावाकडे निघून गेले असते."

"आणि आता?"

"आता मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघवत नाही मला. पण आधी चालकाच्या घरी जायचंय. तुम्ही बोलायचं, मी बाजूला उभी राहीन. चला."

तिनं नेहमीसारखा त्यांचा हात धरला नाही. पायरी उतरून ती रस्त्याला लागली आणि जमादार भिंतीचा आधार घेत तिच्या मागून निघाले.